वळवणच्या बांधावरची पाटी

स्मरणिकेसाठी काहीतरी ‘आपल्या गावच्या इतिहासाचे’ लिहून द्या, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझी शाळा सातवीपर्यंतची. तेव्हा भगिनींनी चुकांकडे कानाडोळा करावा, ही विनंती.

लोणावळ्यास येणारे पाहुणे तळी पाहतात, चिक्की घेतात आणि जातात. पण वळवण, शिरवटा ही तळी मौजेसाठी झालेली नाहीत, हे आपल्यातल्याही कित्येकींना ठाऊक नसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा लांबून आणावा लागे, आणि धुराने शहर काळवंडून जाई. आपल्या घाटमाथ्यावर मात्र चार महिने पाऊस कोसळून वाहून जाई. तोच अडवून घाटाखाली सोडला तर त्याच्या जोरावर वीज होईल, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ साली वारले. पुढे त्यांच्या मुलांनी १९१० साली कंपनी काढली. भांडवल संस्थानिकांनी व मुंबईच्या धनिकांनी घातले. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईकडे धावू लागली. पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली उतरते, चाके फिरवते, आणि पुढे पाताळगंगेला मिळते. धूर नाही, राख नाही. आज ज्याला ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणतात, ती आपल्या दारात तेव्हाच आली होती.

आता हे बांध बांधले कोणी? नावे कोरली गेली ती साहेबांची. माझे सासरे सांगत, त्यांच्या आजीने वळवणच्या बांधावर पाटी वाहिली. तान्हे मूल झाडाला झोळी बांधून ठेवायचे आणि दिवसभर दगड-माती वाहायची. आठवड्याला रोख मजुरी हातात पडे. भाताच्या खाचरावर जगणाऱ्या घरात रोकड म्हणजे अप्रूपच. त्या पैशातून तिने एक गाय घेतली, असे सासरे मोठ्या अभिमानाने सांगत. पण बांध पुरा झाला आणि पाटी परत माळ्यावर गेली. हजारो हात लागले होते, कायमच्या नोकऱ्या मात्र मोजक्याच, आणि त्याही ज्याला यंत्र कळे, लिहिता-वाचता येई त्यालाच. बाईला तर नाहीच नाही. आमच्या घरात पहिला विजेचा दिवा लागला तेव्हा ती हयात नव्हती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरण निघाले तेव्हा मावळे शेतकरी आपल्या जमिनींसाठी उभे राहिले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. बायकाही मागे राहिल्या नाहीत. तरी धरण झालेच, आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. गिरणीत हजारोंना काम मिळाले हे खरे, पण ज्यांची खाचरे बुडाली त्यांच्या चुलीचा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

हे जुने उगाळण्याचे कारण असे की, ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा कंपनीने राज्य सरकारशी नवा करार केला. शिरवटा येथे १,८०० मेगावॅट व भिवपुरी येथे १,००० मेगावॅट, मिळून सुमारे १३,००० कोटी रुपयांची योजना. दुपारी सूर्याची वीज उरते, तेव्हा तिच्यावर पाणी वर चढवायचे. संध्याकाळी दिवेलागणीला तेच खाली सोडून वीज घ्यायची. आपण रात्रीची भाकरी दुपारीच थापून ठेवतो, तसेच म्हणा ना. सहा हजारांवर लोकांना काम मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. ऐकून आनंद झाला, पण मला ती पाटी आठवली. त्या सहा हजारांत बांधकाम संपेपर्यंतचे किती आणि नंतरचे किती? नंतरच्यांत आपल्या वाड्या-वस्त्यांवरची मुले किती?

चांगली नोकरी म्हणजे काय, हे थोरल्या मुलाकडे पाहून मला कळले. तो विजेचे काम शिकला आहे आणि घरांच्या छपरांवर सौर तावदाने बसवतो. काम स्वच्छ, मान आहे. पण पहिल्या ठेकेदाराने पट्टा-दोरीशिवाय पत्र्यावर चढवले, दोन महिन्यांचा पगारही थकवला. आता दुसरीकडे आहे; तिथे पट्टा मिळतो, पगार सात तारखेला होतो, आणि मी रात्री झोपते.

तेव्हा पुढच्या सभेत एक विषय घ्यावा असे मी सुचवते: दहावी झालेल्या मुलांची यादी करून, आयटीआयचे अर्ज भरायला दोघी-तिघींनी मदत करावी. यादीत मुलीही धराव्यात. माझी धाकटी नववीत आहे. तिला वायरमनचे शिकायचे आहे. घरातून अद्याप होकार आलेला नाही.