महाराष्ट्र खुली टेनिस स्पर्धा

पुणे शहराजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात २०१८ ते २०२३ या काळात भरलेली, पुरुष व्यावसायिक खेळाडूंची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा. कोविडच्या साथीमुळे २०२१ मध्ये ती होऊ शकली नाही. त्यामुळे ती एकूण पाच वेळा खेळली गेली. व्यावसायिक टेनिसपटूंच्या जागतिक संघटनेच्या (एटीपी) मालिकेतील २५० गुणांच्या वर्गात तिची गणना होत असे. या वर्गातील विजेत्यास जागतिक क्रमवारीचे २५० गुण मिळतात. विंबल्डनसारख्या चार प्रमुख स्पर्धांत हेच गुण २,००० असतात. दर्जाच्या उतरंडीत ती अशी खालच्या पायरीवर असली, तरी त्या वर्षांत भारतात होणारी या मालिकेतील ती एकमेव स्पर्धा होती.

महाराष्ट्राला असे यजमानपद नवे नव्हते. १९६८ मध्ये हौशी व व्यावसायिक हा भेद संपून टेनिस खुले झाले आणि १९७० पासून ग्रां प्री मालिका सुरू झाली. तिच्यातील भारतीय खुली स्पर्धा १९७३ मध्ये दिल्लीस सुरू झाली व पुढे दरवर्षी गाव बदलत राहिली. १९७४ मध्ये मुंबईस न्यूझीलंडच्या ओनी पारूनने ऑस्ट्रेलियाच्या टोनी रोशला हरविले, तर १९७७ व १९७९ मध्ये मुंबईतच विजय अमृतराज विजेता ठरला. भारतीय खेळाडू मायदेशी एकेरीचे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवितो, हे त्या दशकात अपूर्व राहिले नव्हते. नंतर मुंबईत २००६ मध्ये रशियाच्या दिमित्री तुर्सुनोव्हने टोमास बर्डिचला, तर २००७ मध्ये फ्रान्सच्या रिशार गास्केने ओलिव्हिए रॉशूसला अंतिम सामन्यात पराभूत केले. पुढील वर्षी ही स्पर्धा बंगळूरला हलविण्याचे ठरले. परंतु सुरक्षिततेच्या कारणावरून ती रद्दच झाली.

पुण्याच्या स्पर्धेची वंशावळ मात्र वेगळी आहे. ती १९९६ मध्ये दिल्लीस प्रथम भरली. तेव्हा स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टने झिंबाब्वेच्या बायरन ब्लॅकला हरविले. १९९७ पासून २०१७ पर्यंत सलग एकवीस वर्षे ती चेन्नईत झाली. स्वित्झर्लंडच्या स्टॅन वावरिंकाने तेथे चार वेळा विजेतेपद मिळविले. २००९ मध्ये सोमदेव देववर्मनने तेथे अंतिम फेरी गाठली आणि मारिन चिलिचकडून तो पराभूत झाला. स्पर्धेचे हक्क ‘आयएमजी’ या आंतरराष्ट्रीय क्रीडाव्यवस्थापन कंपनीकडे होते. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना व राज्य शासन यांच्या सहकार्याने पाच वर्षांच्या कराराने ती पुण्यास आली. म्हणजे या मातीत ती रुजली नव्हती. एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवण्यात आली होती. तिचा पुढचा इतिहास समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा आणि २०१७ चा न्यूझीलंडविरुद्धचा डेव्हिस चषक सामनाही तेथे झाला. टेनिसची कोर्टे खुली व कठीण पृष्ठभागाची आहेत. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने विरळ हवेत चेंडू थोडा अधिक वेगाने जातो व जोरकस सर्व्हिस करणाऱ्याचे फावते. पाचपैकी चार अंतिम सामन्यांतील पहिला सेट टायब्रेकरवर गेला, हे त्याचेच द्योतक मानता येईल.

पहिल्या वर्षी (२०१८) फ्रान्सच्या जील सिमोंने दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनला ७–६, ६–२ असे हरविले. त्या वेळी सिमों जागतिक क्रमवारीत ८९ वा होता. त्याने रॉबेर्तो बाउतिस्ता आगुट, चिलिच आणि अँडरसन हे पहिले तीनही मानांकित खेळाडू लागोपाठ बाद केले. त्याच्या खेळात बळ कमी व धूर्तपणा अधिक. सर्व्हिसला अनुकूल अशा या कोर्टावर त्याने मिळविलेला विजय म्हणून विशेष उल्लेखनीय आहे. पुढील वर्षी अँडरसनने उपांत्य फेरीत सिमोंला हरवून परतफेड केली. मधल्या काळात तो विंबल्डनचा उपविजेता झाला होता. अंतिम सामन्यात त्याने क्रोएशियाच्या इव्हो कार्लोविचला ७–६, ६–७, ७–६ असे नमविले. पाचही वर्षांतील हा सर्वांत चुरशीचा सामना होय. अँडरसनची उंची २०३ सेंमी., तर कार्लोविचची २११ सेंमी. तीनही सेट टायब्रेकरवर गेले आणि अखेरचा टायब्रेकर ७–५ असा सुटला. ३९ वर्षांचा कार्लोविच हा १९७७ मधील केन रोझवॉलनंतर या दर्जाच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा सर्वांत वयस्क खेळाडू ठरला.

२०२० मध्ये स्पर्धा जानेवारीऐवजी फेब्रुवारीत झाली. चेक प्रजासत्ताकाच्या यिरी व्हेसेलीने उपांत्यपूर्व व उपांत्य अशा दोन्ही फेऱ्यांत पराभवाच्या कडेलोटावरून सामना वाचविला आणि अंतिम सामन्यात बेलारूसच्या एगॉर गेरासिमॉव्हला ७–६, ५–७, ६–३ असे हरविले. २०२२ मध्ये पोर्तुगालच्या जोआंव सौझाने फिनलंडच्या एमिल रूसुवुओरीवर ७–६, ४–६, ६–१ अशी, तर २०२३ मध्ये नेदर्लंड्सच्या टॅलन ग्रीक्सपूरने फ्रान्सच्या बेंजामिन बोन्झीवर ४–६, ७–५, ६–३ अशी मात केली. ग्रीक्सपूरचे हे या मालिकेतील पहिलेच विजेतेपद होते.

या यादीत भारतीय नाव नाही. एकेरीच्या २८ जागांपैकी तीन आयोजकांच्या विशेष प्रवेशासाठी व चार पात्रता फेरीतून येणाऱ्यांसाठी असत. बहुतेक भारतीय खेळाडू याच दारांनी आत येत. २०१८ मध्ये युकी भांब्री व रामकुमार रामनाथन, २०१९ मध्ये पुन्हा रामकुमार आणि २०२० मध्ये प्रज्ञेश गुणेश्वरन यांनी दुसरी फेरी गाठली. उपांत्यपूर्व फेरी मात्र पाचही वर्षांत एकाही भारतीयास गाठता आली नाही. २०१८ मध्ये तर पहिल्याच फेरीत युकीची गाठ पुण्याच्या अर्जुन कढेशी पडली व यजमानांचा एक खेळाडू आपल्याच माणसाकडून बाद झाला. २०२३ मध्ये पुण्याच्या १५ वर्षांच्या मानस धामणेला विशेष प्रवेश मिळाला. अमेरिकेच्या मायकेल ममोहकडून तो २–६, ४–६ असा पराभूत झाला. त्या वयाच्या मानाने हे गुणफलक मुळीच हिणकस नव्हते. दुहेरीचे चित्र याउलट होते. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा व दिविज शरण, तर २०२२ मध्ये बोपण्णा व रामकुमार हे विजेते ठरले आणि २०२३ मध्ये श्रीराम बालाजी व जीवन नेडुन्चेळियन उपविजेते होते.

विशेष प्रवेशाने एकेरीचा खेळाडू घडत नाही. त्याला वर्षभर आपल्या बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून गुण साठवावे लागतात. त्या दृष्टीने एटीपी मालिकेच्या खालच्या थरातील चॅलेंजर स्पर्धा अधिक उपयुक्त ठरतात, असे पुण्याच्याच अनुभवावरून दिसते. येथील चॅलेंजर स्पर्धेत युकीने २०१५ मध्ये रशियाच्या येव्हगेनी डॉन्स्कॉयला व २०१७ मध्ये रामकुमारला हरवून एकेरीचे विजेतेपद मिळविले. हे यश महाराष्ट्र खुल्या स्पर्धेच्या झगमगाटात काहीसे झाकोळले गेले.

करार संपल्यावर स्पर्धा पुण्यास राहिली नाही. २०२४ च्या वेळापत्रकात जानेवारीतील त्या आठवड्यात हाँगकाँगची स्पर्धा आली आणि भारतात या दर्जाची एकही स्पर्धा उरली नाही. चेन्नईची एकवीस वर्षे आणि पुण्याची पाच वर्षे अशी एका वेळापत्रकातील बदलाने इतिहासजमा झाली. बालेवाडीची कोर्टे मात्र रिकामी राहिली नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे पुन्हा चॅलेंजर स्पर्धा भरली. मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने ऑस्ट्रेलियाच्या ॲडम वॉल्टनला हरवून ती जिंकली. २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकाचा डालिबोर स्विर्चिना विजेता झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जागतिक क्रमवारीत २०४ वा असलेल्या व्हाशेरोने शांघाय येथील १,००० गुणांच्या वर्गातील स्पर्धा पात्रता फेरीपासून खेळून जिंकली.