नवजात अर्भकातील त्वचेचा बुरशीसंसर्ग

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या त्वचेवर बुरशी वाढून होणारा विकार. त्याला बहुधा कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट कारणीभूत असते. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रीच्या योनिमार्गात ते एरवीही राहते. प्रसूतीच्या वेळी किंवा हाताळणाऱ्यांच्या हातांवरून ते बाळापर्यंत पोचते. त्यामुळे बाळंतिणीला स्वच्छतेवरून बोल लावणे अन्यायाचे आहे.

लंगोटाखालची उबदार, ओलसर त्वचा ही या बुरशीची आवडती जागा. ओल्या लंगोटाने नुसती त्वचा चुरचुरली असेल, तर लाली कुल्ल्यांच्या फुगीर भागावर येते आणि जांघेची घडी बहुधा कोरीच राहते. कँडिडा मात्र घडीतच शिरते. तिथे लालभडक, ठळक कडेचा चट्टा उमटतो आणि कडेबाहेर बारीक पुटकुळ्या सुट्या विखुरलेल्या दिसतात. म्हणून घडी उलगडून पाहावी. मानेखाली आणि काखेतही पाहावे. तोंडही तपासावे. गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग असतील आणि ते दुधाच्या साक्यासारखे सहज पुसले जात नसतील, तर तोंडातही हाच संसर्ग असतो.

उपचार सोपा आहे. लंगोट लगेच बदलावा, अंग हलक्या हाताने टिपून कोरडे करावे, काही वेळ बाळाला मोकळे ठेवावे आणि डॉक्टरांनी दिलेले क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल किंवा निस्टॅटिनचे मलम लावावे. निस्टॅटिन एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिकांनी १९५० मध्ये जगापुढे आणले. दुकानातून परस्पर आणलेली, तीव्र स्टेरॉइड मिसळलेली मलमे मात्र कटाक्षाने टाळावीत. त्यांनी लाली दोन दिवसांत उतरते, पण बुरशी आत वाढत राहते. शिवाय झाकलेल्या कोवळ्या त्वचेतून स्टेरॉइड रक्तात उतरते. पावडरही नको, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांचा संबंध मॅलासेझिया या स्निग्धतेवर जगणाऱ्या यीस्टशी जोडला जातो. त्या सहसा आपोआप जातात. तोवर चेहऱ्याला तेल चोपडू नये.

जन्मजात कँडिडासंसर्ग विरळा. तो गर्भाशयातच होतो आणि जन्मतः किंवा पहिल्या आठवड्यात अंगभर पुरळ उठते. तळहात-तळपायांवरच्या पुटकुळ्या ही त्याची मोठी खूण. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याचा सहसा धोका नसतो. १,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा मात्र इतकी पातळ असते की बुरशी रक्तात शिरू शकते. अशा बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवून शिरेतून औषध तातडीने सुरू करावे लागते.