मैफल फितीवर कशी उतरली?

मंठा हे जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवापासून आणि मुंबईच्या सभागृहांपासून ते बरेच दूर आहे. तरीही मराठवाड्यातल्या अशा गावांत भीमसेन जोशी आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गायकीतला फरक दोन आलापांत ओळखणारी माणसे भेटतात. त्यांनी हे गाणे ऐकले कोठे? बहुतेकांचे उत्तर एकच असते : आधी रेडिओवर, मग कॅसेटवर.

दीड तास चालणारा ख्याल एका लहानशा डबीत कसा बसला, हा प्रश्न संगीताचा आहे तितकाच भौतिकशास्त्राचाही आहे. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत ध्वनिमुद्रणाचे तंत्र तीनदा मुळापासून बदलले. दर वेळी गाण्याचा कोणता भाग टिकला आणि कोणता हरवला, हे त्या तंत्राने ठरवले.

तीन मिनिटांचा राग

नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायिका एका मोठ्या कर्ण्यासमोर गात असे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी असलेला पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी खाच कोरत जाई. वीज कोठेच नाही. सुई हलवण्याची सारी शक्ती गायकाच्या गळ्यातून यायची. या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तिथल्या कामगारांना गायिका कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच गौहरजान आपले नाव सांगत. भारतातला पहिला कारखाना 1908 साली कलकत्त्यातच निघाला.

दहा इंची तबकडीत गाणे किती मावे, हे वर्गात सहज काढता येईल. तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते. तीन मिनिटांत 234 फेरे झाले. एका सेंटिमीटरात सुमारे 38 खाचा बसतात असे धरले, तर त्यासाठी साधारण 6 सेंटिमीटर रुंदीचा पट्टा लागतो. मध्यभागी कागदी लेबलाची जागा सोडली की तबकडी भरली. खाचा याहून जवळ आणल्या तर मोठ्या आवाजाच्या वेळी एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. रागाला तीन मिनिटांची मर्यादा पडली ती अशी.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयांनी या मर्यादेतही रागाचे रूप उभे केले. पण ते एका मोठ्या चित्राचे लघुरूप होते. विलंबित ख्यालाची सावकाश बढत त्यात येणे शक्यच नव्हते. काही थोरांचा आवाज तर आपल्यापर्यंत पोचलाच नाही. भास्करबुवा बखले (निधन 1922) आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ (निधन 1946) यांचे गाणे कसे होते, हे आपण त्यांच्या शिष्यांकडूनच जाणतो.

हरवलेला खरज

कर्ण्याचे तंत्र साधारण 250 ते 2500 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला ध्वनी नीट पकडत असे. आता काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गवयाचा तानपुरा घ्या. त्याच्या खरजाच्या तारेची मूळ वारंवारता सुमारे 69 हर्ट्झ असते. म्हणजे तो स्वर तबकडीवर उतरतच नव्हता. मग जुन्या तबकड्यांत तानपुरा लागलेला आहे, असे कधीकधी तरी जाणवते ते कसे?

याचे कारण तानपुऱ्याच्या जवारीत आणि आपल्या कानात आहे. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात तानपुऱ्याच्या रुंद घोडीचा आणि तिच्यावरच्या धाग्याचा विचार केला होता. या रचनेमुळे तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे स्वयंभू स्वर भरपूर निघतात. 276, 345, 414 हर्ट्झ असे स्वर एकत्र ऐकू आले की त्यांच्यातले समान अंतर 69 आहे, हे मेंदू ओळखतो आणि गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. लहानशा ट्रान्झिस्टरवर आपल्याला पुरुषी आवाज पुरुषी वाटतो, तोही याच कारणाने.

1925 साली मायक्रोफोन आणि विजेचे वर्धक ध्वनिमुद्रणात आले. गायकाला आता कर्ण्यात तोंड घालून जोराने गाण्याची गरज उरली नाही. हळुवार स्वर तबकडीवर उमटू लागले. तीन मिनिटांची अट मात्र कायम राहिली.

या अटीतले गाणेही किती दूर जाते याचे एक उदाहरण पाहा. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायलेल्या भैरवीची सुमारे साडेतीन मिनिटांची तबकडी 1977 साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीसाठी निवडली गेली. दोन्ही याने त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले. आज ती भैरवी सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली आहे. त्यांची रात्र रात्र रंगलेली मैफल मात्र ज्यांनी समोर बसून ऐकली त्यांच्याबरोबरच गेली.

फीत येते

ध्वनी चुंबकात साठवण्याची कल्पना डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पॉल्सनने 1898 साली पोलादी तारेवर प्रत्यक्षात आणली होती. 1928 मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने तारेऐवजी लोहाची पूड चिकटवलेली कागदी पट्टी वापरली. 1935 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांसमोर आले. 19 नोव्हेंबर 1936 रोजी लुडविग्सहाफेन येथे टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाची मैफल या यंत्रावर उतरवली गेली. श्रोत्यांसमोरची मैफल फितीवर आल्याचे ते पहिले मोठे उदाहरण.

त्या फितीत खरखर फार होती. शिवाय लोहाच्या कणांची एक अडचण असते. अगदी क्षीण चुंबकक्षेत्राला ते दाद देत नाहीत आणि क्षेत्र वाढले की एकदम प्रतिसाद देतात. त्यामुळे हळू आवाज विकृत होतो. 1940 च्या सुमारास जर्मन अभियंत्यांनी यावर उपाय शोधला. ध्वनीच्या प्रवाहात कानाला ऐकू न येणाऱ्या, फार उच्च वारंवारतेचा प्रवाह मिसळायचा. कण सतत हलते राहतात आणि बारीकशी मुरकीही आपली खूण ठेवते. महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत आणि तेथून जगभर गेले.

आपल्याकडे हा काळ फार मोक्याचा होता. 1952 साली सवाई गंधर्वांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षापासून भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना, 1954 साली, आकाशवाणीचे संगीत संमेलन सुरू झाले. त्यात निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफली होत आणि त्या देशभर ऐकवल्या जात. मैफलीला फीत मिळाली आणि फितीला मैफल.

यंत्रापाशी बसलेला माणूस

मैफलीत यंत्र सांभाळणाऱ्याचे काम स्टुडिओतल्यापेक्षा वेगळे असते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अन्यत्र ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला स्टुडिओत 'पुन्हा एकदा' म्हणता येते. मैफलीत ती सोय नाही. तेथे त्याला तीन निर्णय आधीच घ्यावे लागतात.

पहिला निर्णय मायक्रोफोनच्या अंतराचा. अंतर दहापट झाले की थेट येणारा ध्वनी 20 डेसिबलने घटतो. सभागृहाच्या भिंतींवरून परतणारा ध्वनी मात्र फारसा घटत नाही. मायक्रोफोन दूर ठेवला तर गाणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. फार जवळ ठेवला तर श्वास आणि ओठांचा आवाज येतो आणि तानपुरा मागे पडतो.

दुसरा निर्णय आवाजाच्या पातळीचा. चांगल्या फितीवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात 60 डेसिबलच्या आसपास अंतर मावते. गायक सुरुवातीला खर्जात गुणगुणत असतो. त्या आवाजाला धरून पातळी लावली, तर तासाभराने तार षड्ज लागताच आवाज फाटतो. म्हणून गाणे कोठवर चढणार याचा अंदाज आधी बांधावा लागतो आणि त्यासाठी राग माहीत असावा लागतो.

तिसरा निर्णय फितीच्या वेगाचा. सात इंची रिळावर सुमारे 366 मीटर फीत असते. ती सेकंदाला 19 सेंटिमीटर वेगाने धावली तर 32 मिनिटे पुरते. वेग निम्मा केला तर 64 मिनिटे. पण वेग निम्मा झाला की 10,000 हर्ट्झच्या ध्वनीची फितीवरची तरंगलांबी 19 मायक्रॉनवरून साडेनऊवर येते आणि जवारीचे बारीक झंकार पुसट होतात. शिवाय विलंबित ख्याल 32 मिनिटांत संपेलच असे नाही. रीळ बदलायचे ते कधी? समेनंतरच्या दाद देण्याच्या क्षणी. दोन यंत्रे असतील तर पहिले संपण्यापूर्वी दुसरे सुरू करायचे. जुन्या ध्वनिमुद्रणांत मध्येच एखादे आवर्तन तुटलेले आढळते, ते बहुधा याच कारणाने.

1963 साली फिलिप्सने कॅसेट आणली. तिचा वेग सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. गुणवत्ता घटली, पण किंमत आणि आकारही घटले. मैफलीच्या कोपऱ्यात बसलेला हौशी श्रोताही ध्वनिमुद्रक झाला आणि गाणे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले.

आता घाई कशाची?

मुंबईचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आणि आकाशवाणी यांच्याकडे मोठे संग्रह आहेत. 1982 साली पुण्यात स्थापन झालेले व पुढे दिल्ली परिसरात हललेले अमेरिकन इन्स्टिट्यूटचे संग्रहालयही याच कामासाठी आहे. परंतु पुष्कळ ध्वनिमुद्रणे अजून खासगी घरांत, संगीत मंडळांच्या कपाटांत, पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत.

फीत अमर नसते. जुन्या ॲसिटेट फितीचे विघटन होऊन तिला व्हिनेगरसारखा वास येतो आणि ती ठिसूळ होते. नंतरच्या अनेक फितींत लोहकण धरून ठेवणारा पदार्थ हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरालाही किंचित चुंबकित करतो, म्हणून स्वर लागण्याआधीच त्याचा अस्पष्ट पडसाद ऐकू येतो. आणि फीत शाबूत असली तरी ती वाजवणारे यंत्र चालू स्थितीत मिळेलच असे नाही.

यातले काही गाणे पुन्हा घडणारही नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहानंतर लाउडस्पीकरवर निर्बंध आले आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या खुल्या मैदानावरच्या मैफली थांबल्या. नियम योग्यच आहे. पण रात्रभर तापलेल्या गळ्यातून पहाटे ललत कसा येत असे, हे पुढच्या पिढीला त्या फितींवाचून कोण सांगणार?

शिक्षकांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे. गावात कोणाकडे जुनी रिळे, कॅसेटी आहेत याची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी : कोण गाते आहे, साथीला कोण, कोठे, केव्हा. नाव-तारीख नसलेली फीत निम्मी हरवलेलीच असते. फिती थंड, कोरड्या जागी आणि लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात. वास येणारी किंवा चिकट झालेली फीत घरी वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी. चांगल्या फितीची संगणकावर नक्कल करताना सेकंदाला 44,100 नमुने आणि 16 बिट धरले, तर दोन वाहिन्यांच्या एका तासाला किती जागा लागेल, हे मुलांनाच काढू द्यावे. उत्तर सुमारे 635 मेगाबाइट येईल. त्यानंतर मूळ फीत टाकून मात्र देऊ नये.

आणि मंठ्यासारख्या गावात सप्ताहाच्या भजनाला किंवा शाळेच्या गायनाला साध्या फोनवर हा प्रयोग करून पाहावा. एकदा फोन गायकापासून हातभर अंतरावर ठेवावा, एकदा दहा हातांवर. दोन्ही ध्वनिमुद्रणे वर्गात ऐकवली की व्यस्त वर्गाचा नियम फळ्यावर लिहिण्याआधीच मुलांच्या कानी पडेल.