धम्माच्या वाटेवरचे प्रवासी आणि आपला इतिहास



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकारिणीने धरला. विषय शोधत बसायची वेळ आमच्यावर आली नाही. तो रविवारच्या धम्मवर्गातल्या पोरांनीच दिला. शाळेत कोलंबस आणि वास्को-द-गामा यांचे धडे शिकून आलेल्या एका मुलीने सरळ विचारलं, "सर, जग शोधायला निघालेल्या माणसांत आपलं कोणीच नव्हतं का?" आम्ही म्हणालो, "होते ना!" पण पुढे नावं सांगायची वेळ आली तेव्हा आमचीच गाडी अडली. दोन-तीन नावांवर थांबलो. त्या दिवशी आम्हाला मनातून लाज वाटली. हा लेख म्हणजे त्या मुलीला जरा उशिरानेच दिलेलं उत्तर आहे.

आधी 'शोध' या शब्दाचाच विचार करू. इ.स. १४९८ मध्ये वास्को-द-गामा कालिकतला आला. पुस्तकं म्हणतात, त्याने भारताचा शोध लावला. पण आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून समुद्र ओलांडताना त्याच्या गलबतावर वाटाड्या होता. तो समुद्र माहीत असलेली माणसं होती, म्हणून तर वाटाड्या मिळाला! मोसमी वाऱ्यावर शिडं सोडून आपल्या किनाऱ्याकडे येणारी-जाणारी माणसं त्याच्याही आधी दीड हजार वर्षं होती. तेव्हा जो पहिल्यांदा गेला तो शोधक, ही व्याख्या पुरी पडत नाही. कोण कशासाठी गेला आणि काय घेऊन परतला, हेही पाहावे लागते.

सोपाऱ्याचा पुण्ण

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला असा पहिला प्रवासी म्हणजे पुण्ण, संस्कृतात पूर्ण. आजच्या पालघर जिल्ह्यातले नालासोपारा हेच जुने शूर्पारक बंदर. 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात पूर्ण हा सोपाऱ्याचा समुद्रव्यापारी आहे. व्यापारासाठी तो वारंवार समुद्रावर गेला. सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धाचे नाव ऐकले आणि श्रावस्तीला जाऊन भिक्खू झाला. ही कथा आहे, रोजनिशी नव्हे, हे खरे. पण तिच्यातून सोपाऱ्याची माणसं समुद्राला घाबरत नव्हती, एवढं नक्की कळतं.

पाली मज्झिम निकायात त्याचा तथागतांशी झालेला संवाद आहे. पुण्ण आपल्या सुनापरांत देशी धम्म सांगायला निघतो. तथागत विचारतात, तिथली माणसं तापट आहेत, शिव्या देतील तेव्हा काय करशील? तो म्हणतो, हात उगारला नाही म्हणजे भलीच आहेत असे समजेन. मारतील तर? काठीने मारले नाही, हेही भले. अशी पायरी पायरी चढत प्रश्न जिवापर्यंत जातो आणि पुण्ण डगमगत नाही. तलवारी आणि तोफा घेऊन निघालेले दर्यावर्दी जगाने पुष्कळ पाहिले. हा एवढीच शिदोरी घेऊन निघाला होता.

पुढे सम्राट अशोकाच्या काळात, तिसऱ्या संगीतीनंतर, देशोदेशी धम्मप्रचारक गेले. महावंसाप्रमाणे अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, योनक धम्मरक्खित आला आणि महारट्ठात महाधम्मरक्खित. योनक म्हणजे ग्रीक वंशाचा. म्हणजे आपल्याकडे धम्म घेऊन येणारा माणूसच मुळात लांबचा होता! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खोदला. त्यात दगडी पेटी निघाली आणि पेटीत एकात एक ठेवलेले करंडक. त्याच वर्षी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. या आठव्या लेखाचा विषय काय, तर प्रवास! पूर्वीचे राजे 'विहारयात्रा' करीत, म्हणजे मौजमजा आणि शिकारीसाठी फिरत. आपण मात्र संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली, असे अशोक सांगतो. सहलीची बस ठरवताना हा फरक आपणही लक्षात ठेवलेला बरा.

त्रिरश्मीवरचे लेख

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांचा पांडवांशी काडीचा संबंध नाही. डोंगराचे खरे नाव त्रिरश्मी, शिलालेखातले 'तिरण्हु'. इथे २४ लेणी आहेत. सतरा क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवले. तो उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा. आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी दिली, आणि दानात आपल्या मुलाचे नाव सोबत घेतले. त्या मुलाचे नाव होते धम्मरक्खित! मुंबई-आग्रा रस्त्याने आपण मालेगावहून दोन-अडीच तासांत नाशिकला जातो. तो माणूस किती दिवस चालला असेल, याचा विचार पोरांना करायला सांगावा.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन (हे आपल्या नाशिकजवळचे) आणि सोपारा इथे त्याने वाटसरूंसाठी निवारे बांधले, विहिरी आणि तळी खोदली. तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर पैसे न घेता पार नेणाऱ्या होड्या ठेवल्या. नदीच्या दोन्ही काठांवर थांबायच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. प्रवास काही नुसत्या प्रवाशाच्या हिमतीवर होत नाही. वाटेत कोणी होडी ठेवतो, कोणी माठ भरून ठेवतो, तेव्हा प्रवासी पुढे सरकतो. ही पाणपोई वाचकांनी ध्यानात ठेवावी, तिच्याकडे आम्हाला परत यायचे आहे.

ह्युएन-त्संग महाराष्ट्रात

प्रवाशांचा राजा म्हणावा असा माणूस म्हणजे चिनी भिक्खू ह्युएन-त्संग. त्याच्याआधी फाहियान इ.स. ३९९ मध्ये साठी उलटल्यावर पायी निघाला होता आणि जहाजाने वादळं सोसत परतला होता. विनयाचे ग्रंथ चीनमध्ये अपुरे होते, ते आणण्यासाठी. ह्युएन-त्संग इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला तेव्हा तिशीच्या आत होता. बादशहाची देश सोडायला मनाई होती, तरी तो लपतछपत निघाला. वाटाड्याने साथ सोडली. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटून सांडली. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या घोड्यानेच हिरवळ आणि पाणी शोधून काढले. त्या घोड्याने ती वाट पूर्वी अनेकदा केली होती. बामियान, गांधार, काश्मीर करत तो नालंदेला पोहोचला आणि आचार्य शीलभद्रांजवळ शिकला.

मग तो दक्षिणेत उतरला आणि इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. उत्तरेच्या हर्षवर्धनाला त्याला नमवता आले नव्हते. इथल्या माणसांविषयी ह्युएन-त्संग लिहितो त्याचा आशय असा: माणसं उंच, साधी, प्रामाणिक पण मानी, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, अडलेल्याला मदत करताना स्वतःचा विचार करत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी सांगून घेतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून बायकांचे कपडे देतात, हेही तो नोंदवतो. (यात बायकांचा काय अपमान, असा प्रश्न आमच्या वर्गातल्या मुलींनी लगेच केला. बरोबर केला.)

महाराष्ट्रात त्याला शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू आढळले. राजधानीत व आसपास अशोकाचे पाच स्तूप होते. ती राजधानी नाशिकच असावी असे काही अभ्यासकांनी मांडले, काही बदामीचे नाव घेतात. पूर्व सीमेवरच्या डोंगरात, खोल दरीत, अचल नावाच्या अर्हताने उभारलेला संघाराम, भिंतींवर बोधिसत्त्वाच्या चरित्रातले प्रसंग आणि दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, असे वर्णन त्याने केले आहे. हे अजिंठ्याचेच वर्णन आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. सव्वीसाव्या लेण्याच्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे आणि सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही उभे आहेत.

इ.स. ६४५ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा सोबत ६५७ ग्रंथ होते. येताना सिंधू नदीत होडी डळमळून काही पोथ्या वाहून गेल्या. पुढे कित्येक वर्षांनी त्याने त्या पोथ्यांची यादी करून भारतातल्या ओळखीच्या भिक्खूंकडे पुन्हा मागणी केली. इ.स. ६६४ मध्ये देहावसान होईपर्यंत तो भाषांतरच करीत राहिला.

विसरणे आणि पुन्हा सापडणे

त्यानंतर काय झाले? ते शंभर संघाराम कुठे गेले? हळूहळू भिक्खू गेले, लेण्यांत गुरं बांधली गेली, स्तूपांना लोक टेकाडं म्हणू लागले. जून १८१८ मध्ये आपल्या मालेगावचा भुईकोट किल्ला इंग्रजांनी घेतला. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ हा लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला अजिंठ्याच्या डोंगरात गेला आणि त्याला लेणी 'सापडली'. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नावही कोरून ठेवले. पण तिथल्या गुराख्यांना, भिल्लांना ती दरी काय ठाऊक नव्हती? दरी ठाऊक होती, इतिहास ठाऊक नव्हता. तो कागदावर होता, आणि कागद चीनमध्ये!

एकोणिसाव्या शतकात ह्युएन-त्संगाच्या ग्रंथाचे आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी भाषांतर झाले. त्याच्या नोंदी हातात घेऊन अलेक्झांडर कनिंगहॅमने श्रावस्ती, नालंदा यांसारख्या जागा ओळखल्या. बाराशे वर्षांपूर्वी एका प्रवाशाने इमानाने लिहिले म्हणून हे जमले.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, याचा शोध घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. अस्पृश्यता केव्हा जन्मली हे ठरवताना त्यांनी फाहियान आणि ह्युएन-त्संग या दोघांनाही साक्षीला बोलावले. खाटीक, कोळी, भंगी यांना गावाबाहेर राहावे लागते, त्यांच्या घरांवर खूण असते, असे ह्युएन-त्संगाने नोंदवले होते. अशा साक्षी तपासून बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इ.स. ४०० च्या सुमाराचा ठरवला. अनादी म्हणून जी आमच्या कपाळी मारली होती तिला जन्मतारीख मिळाली. जिला जन्म आहे तिला मरणही आहे! कोलंबसाने जमीन शोधली असेल, बाबासाहेबांनी आमचा हरवलेला भूतकाळ शोधला.

याच वाटेवरचा आणखी एक मराठी माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचे. बुद्धाचा धम्म शिकायचा या एकाच ध्यासाने १८९९ साली घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया करत लंकेला पोहोचले आणि १९०२ मध्ये तिथे दीक्षा घेतली. खिशात पैसा नाही, ओळख नाही. पुढे हार्वर्डपर्यंत गेले, पण लिहिले ते आपल्या मराठीत. आपल्यापैकी कितीतरी जणांनी बुद्धचरित्र प्रथम वाचले ते त्यांच्याच पुस्तकातून.

१९३४ ची सहल

आता पाणपोईकडे येऊ. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले. सगळे नाशिकला एकत्र जमले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने अंग धुळीने भरलेले, म्हणून दरवाजाजवळच्या टाक्यातल्या पाण्याने काहींनी हाततोंड धुतले. लगेच ओरड झाली, टाके बाटवले! जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात सोडले ते एका अटीवर: आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. पाळत ठेवायला शस्त्रधारी शिपाई सोबत दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

वाचकहो, ज्या नाशिकच्या डोंगरावर वाटसरूंच्या पाणपोयांचा लेख सुमारे दोन हजार वर्षं कोरलेला आहे, त्याच नाशिकहून निघालेल्या प्रवाशांची ही गत! पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरचा प्रवास घडला. आमच्या वस्तीतली काही माणसं मनमाडहून गाडीला लटकून त्या प्रवासाला गेली होती. भाकरी फडक्यात बांधलेल्या, तिकिटाचे पैसे उसने. त्यांनी कोणताही नवा देश शोधला नाही. ती स्वतःला शोधायला गेली होती.

त्यांच्यातली बहुतेक आता राहिली नाहीत. कोण गेले, कसे गेले, परत आल्यावर घरातले देव कसे उतरवले, हे कोणी लिहून ठेवले नाही. चूक आमचीच. ह्युएन-त्संगाने परक्याचे स्तूप मोजून लिहिले आणि आम्ही घरच्या म्हाताऱ्याला दोन प्रश्न विचारले नाहीत.

म्हणून या वर्धापन दिनी दोन विनंत्या. एक, धम्मवर्गातल्या प्रत्येक मुलाने आपल्या आजी-आजोबांचा एक प्रवास वहीत लिहून आणावा. नागपूरचा असो, चैत्यभूमीचा असो, नाहीतर पोटासाठी गाव सोडून मालेगावला मागावर आल्याचा असो. दुसरी, विहाराच्या दाराशी उन्हाळ्यात रांजण भरलेला असावा, आणि पाणी पिणाऱ्याला कोण, कुठला, असे कोणी विचारू नये.

त्या मुलीला आता आम्ही सांगू शकतो, "बाई, आपली माणसं होती. त्या यादीत तुझ्या आजीचंही नाव लिहायचं राहिलंय, तेवढं लिहून आण."

नमो बुद्धाय! जय भीम!