समानार्थी शब्द (संगणकीय लेखन)

संगणकीय लेखनातील समानार्थी शब्दांची निवड म्हणजे संगणक व आज्ञावली-लेखन यांविषयीचा मजकूर मराठीत लिहिताना अथवा नव्याने मांडताना योग्य प्रतिशब्द ठरवणे होय. ललित लेखनात शब्दाची पुनरुक्ती सहसा दोष मानली जाते. तांत्रिक लेखनात मात्र एका संकल्पनेसाठी आरंभापासून अखेरपर्यंत एकच संज्ञा वापरणे हा गुण ठरतो.

पार्श्वभूमी

मराठी मुलखात परिभाषा घडवण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्यात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि त्याने विविध विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. संगणकक्षेत्रात कोशातील, वृत्तपत्रांतील आणि इंग्रजीतून आलेले शब्द एकत्र नांदतात.

अर्थभेद

'प्रोग्राम'साठी 'आज्ञावली' हा शब्द रूढ आहे. तथापि तोच 'सॉफ्टवेअर'साठीही योजला जातो. 'प्रणाली' हा शब्द 'सिस्टिम' आणि 'सॉफ्टवेअर' या दोन्ही अर्थी आढळतो. हे शब्द एकाच परिच्छेदात आलटूनपालटून आल्यास वाचकाला वस्तू एक की अनेक, हे कळत नाही. 'डेटा'साठी 'विदा' योजल्यास ती 'माहिती'पासून वेगळी दाखवता येते. 'व्हेरिएबल' या अर्थी 'चल' ही संज्ञा गणितातून आली आहे. तिच्या जागी 'चंचल' किंवा 'अस्थिर' हे शब्द घातल्यास मूळ अर्थ नाहीसा होतो. 'संचिका' व 'धारिका' हे दोन्ही शब्द 'फाइल'साठी चालतात, परंतु एका लेखात त्यांपैकी एकच ठेवणे इष्ट असते.

आज्ञावलीतील नावे

पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना देवनागरी नावे देता येतात. एखाद्या चलास 'बेरीज' हे नाव देऊन पुढे त्याच अर्थाने 'एकूण' लिहिले, तर संगणक ती दोन भिन्न नावे समजतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानेही नाव बदलते. 'इफ', 'व्हाइल' यांसारखे त्या भाषेचे राखीव शब्द मूळ रूपातच लिहावे लागतात.

पुनर्लेखन

मूळ वाक्यरचना कायम ठेवून केवळ शब्द बदलल्याने लेखन स्वतंत्र होत नाही. प्रताधिकाराचा प्रश्नही सुटत नाही. आशय समजून घेऊन वाक्ये नव्याने रचावीत, संज्ञा मात्र स्थिर ठेवाव्यात. संज्ञेच्या पहिल्या उल्लेखासोबत तिचा प्रचलित इंग्रजी पर्याय देवनागरीत दिल्यास मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पुढील इंग्रजी ग्रंथांशी तिचा मेळ घालता येतो.