शाळांचे दरवाजे

जुन्या भोपाळभोवती कोट होता आणि त्या कोटाला दरवाजे होते. जुमेराती दरवाजा त्यांपैकीच एक. शहराच्या दरवाजांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला बोलावयाचे आहे ते येथील शाळांच्या दरवाजांविषयी. त्यांतून आत कोणाला घेतले, आणि कशावरून?

नवाब सुलतान जहाँ बेगम यांची कारकीर्द १९०१ ते १९२६ ची. त्यांनी मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली. १९२० मध्ये अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती झाल्या. १९१८ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. बडोद्यास सयाजीरावांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हेच पाऊल उचलले होते, हे मराठी श्रोत्यांस सांगावयास नको. परंतु त्याच भोपाळात सरदार-जहागीरदारांच्या मुलांसाठी अलेक्झांड्रा शाळा निराळी होती. रयतेसाठी एक दार उघडावे आणि सरदारपुत्रांसाठी दुसरे राखावे, यात बेगमसाहेबांना विसंगती वाटली नसावी. जन्म हीच त्या शाळेची प्रवेशपरीक्षा होती; मात्र तीत नापास होणाऱ्याला कोणी मठ्ठ म्हणत नसे!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून सरकारी नोकरांची बिऱ्हाडे आली. त्यांत मराठी घरे पुष्कळ. त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या वसाहतीला तात्या टोपे यांचे नाव मिळाले आणि तेथे मॉडेल स्कूल निघाले. बदलीच्या नोकरांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालये आली. १९६५ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी कँपियन शाळा सुरू केली. आता कुळ विचारले जात नव्हते. कोठे फी विचारली जाई, कोठे वडिलांची नोकरी, कोठे गुण.

सर्वांची मुले शेजारच्या एकाच शाळेत बसावीत, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचविले. ते घडले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या आणि प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेण्यास मनाई केली. पण हा कायदा आठवीपाशी थांबतो, आणि नेमकी नववीपाशी निवडपरीक्षा उभी असते. शिवाजीनगरातील सुभाष उत्कृष्ट विद्यालय हे सरकारीच, आणि चांगले; तेथे प्रवेश परीक्षेने मिळतो. गुणांची कदर जन्माच्या कदरीपेक्षा केव्हाही बरी, हे मी मान्य करतो. तथापि शिकवणी लावलेला मुलगा आणि दुकानात बापाला हात देऊन आलेला मुलगा यांतला भेद प्रश्नपत्रिकेला कळत नाही.

मी सरकारी शाळेत शिकवतो आणि धर्माने ख्रिस्ती आहे. म्हणून घरचेही एक सांगावयास हवे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. संस्था आपल्या मताने चालविण्याचा घटनादत्त हक्क त्यामागे आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. परंतु मिशनरींनी गोरगरिबांस शिकविले हा वारसा अभिमानाने सांगताना आम्हा ख्रिस्ती मंडळींची जीभ आता थोडी अडखळावयास हवी.

एका वर्षी माझ्या वर्गातला सर्वांत हुशार मुलगा अशा परीक्षेत निवडला गेला. मी त्याला पेढा दिला. सुट्टीनंतर नववीच्या पहिल्याच तासाला फळ्यावर गणित मांडले आणि सवयीने त्याच्या बाकाकडे वळून पाहिले. उरलेली मुलेही तिकडेच पाहत होती.