हाताची घडी आणि मनाची घडण

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा ऐकल्यावाचून आपल्यापैकी फारच थोड्यांचं शिक्षण झालं असेल. शरीर गप्प बसलं की मन अभ्यासाला लागतं, असा तिच्यामागचा समज. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टर बाईंनी तो तपासून पाहिला. त्या म्हणजे मारिया माँटेसरी.

रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचं पहिलं ‘बालगृह’ सुरू झालं. तेव्हाच्या शाळांत मुलं बाकांना जखडलेली असत. माँटेसरीबाईंनी मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबल-खुर्च्या करून घेतल्या. जमिनीवर लंबवर्तुळाकार रेघ आखून मुलांना तिच्यावरून पावलापुढे पाऊल टाकत चालायला शिकवलं. मग हातात काठोकाठ भरलेला पेला आला, वाजू न देता न्यायची घंटा आली. तोल सांभाळताना पाय, हात आणि डोळे एकाच कामाला लागतात. मनाला भटकायला सवडच राहत नाही.

त्यांचा शांततेचा खेळही असाच. शिक्षिका दुसऱ्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजते आणि ते मूल खुर्चीचासुद्धा आवाज न करता उठून तिच्याकडे जातं. मला वाटतं, दटावून आणलेली शांतता आणि ही शांतता यांतला फरक इथे कळतो. ही मुलांनी स्वतः कमावलेली असते.

हा विचार आपल्याकडे रुजवला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. भावनगरचं बालमंदिर १९२० मध्ये सुरू झालं, तर नूतन बालशिक्षण संघ १९२६ मध्ये. पण खरी परीक्षा पुढेच होती. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. तिथली आदिवासी मुलं गुरं राखत, धाकटी भावंडं कडेवर घेऊन हिंडत. त्यांना हालचाल शिकवायची गरजच नव्हती. त्यांच्या हालचालीला शाळेत जागा द्यायची होती. म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुराख्यांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, खडे, शंख-शिंपले आले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

३ ते ८ वर्षांच्या मुलांनी खेळातून, कृतीतून शिकावं, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. तरी ‘बालवाडीत नुसतं खेळवतात, लिहून काही घेत नाहीत’ ही पालकांची तक्रार मी नेहमी ऐकतो. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलाच्या शाळेत गेलात तर फळ्यावर काय लिहिलंय ते जरूर पाहा. पण मुलांना उठायला, चालायला, वाकायला किती जागा ठेवली आहे, तेही पाहा.